घरटी एक माणूस

१९८५ सालच्या भादव्यात, पुनवेच्या उधाणाला, खारबावच्या खालच्या अंगाला खाडीचा बांध फुटला. भर दुपारची वेळ. भरतीचं पाणी आधी बांधाच्या माथ्यावरून पाझरलं, मग चिंबोऱ्यांनी पोखरलेल्या एका जागी माती बसली आणि बघता बघता दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी खांड पडली. खांड म्हणजे बांधाचं भगदाड. त्यातून खारं पाणी पोटरीला आलेल्या भातात शिरलं.

तुळजा त्या वेळी भिवंडीच्या कॉलेजात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत उभी होती. गावातून बारावी सायन्स झालेली ती पहिलीच मुलगी. चारच्या एस.टी.ने परत आली, तेव्हा रस्त्यावरूनच तिला दिसलं की खालची शेतं चकाकतायत. भादव्यात शेतात पाणी असतंच, पण हे पाणी हलत होतं. त्याला ओढ होती.

तिचा बाप, रामनाथ भोईर, शेताच्या कडेला एक पाय लांब करून बसला होता. दोन वर्षांपूर्वी बैलाने त्याला गोठ्याच्या भिंतीवर दाबलं होतं. तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. हातात त्याने भाताची लोंबी धरली होती.

"बाबा, पानी जाईल ना ओहटीला?"

"जाईल. आनि परत येईल. रोज दोनदा येईल आता." त्याने लोंबी दातांखाली धरली, थुंकली. "दूध भरत व्हतं गो. आठ दिवस मिलाले असते तरी चाललं असतं."

संध्याकाळी तात्या पाटलांच्या ओट्यावर गाव जमलं. तात्या बांधाचे कारभारी. बांध सरकारचा नव्हता, गावाचाच होता. आजे-पणज्यांनी खाडी मागे ढकलून ही जमीन काढली होती. तात्यांनी बोटांवर तिथी मोजली. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं. भरती मेलेली असते, तेव्हाच खांड बांधता येते. उधाणात टाकलेली माती खाडी पिऊन टाकते.

"सातमीपास्ना चार दिस. घरटी एक मानूस. ज्याचं मानूस न्हाय येनार, त्याचं पानी उघाडीतनं सोडनार न्हाय. आधीच सांगतो, मागनं रडू नका." उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं बांधातलं दार.

घरी येताना रामनाथ तुळजाच्या खांद्यावर हात टेकून चालत होता. तिची आई, ठमाबाई, दम्याची. चुलीपुढे बसली तरी धापा टाकायची. दोन मुलगे लहानपणीच गेलेले. घरात माणूस म्हणावं असं तुळजाच होती.

"मी जातंय," तुळजा म्हणाली.

"कॉलेज?"

"चार दिसांचं तर हाय."

पण ते चार दिवसांत आटोपलं नाही. पहिल्या दिवशी तिवराच्या मेढी ठोकल्या. दोन ओळींत, मध्ये फांद्या आणि पेंढा. मग माणसांची रांग लागली आणि चिखलाच्या ढेपा हातोहात खांडीकडे जायला लागल्या. ओहटीच्या मधल्या पाच तासांत जेवढं होईल तेवढं करायचं. तुळजाच्या अलीकडे तिची आत्या सीताबाई, पलीकडे तात्यांचा गडी. ढेप हातात आली की पोटाशी धरायची आणि अंग वळवून पुढे द्यायची. दुपारपर्यंत तिच्या पोटावरची कातडी सोलून निघाली. पायाला कालवांच्या शिंपल्या लागत होत्या आणि खारं पाणी त्या कापांत शिरून तिथेच वस्तीला राहत होतं. चौथ्या दिवशी खांड बुजली आणि दुसऱ्या उधाणाला कोपऱ्यातून पुन्हा फुटली. मग पुढच्या भांगापर्यंत थांबणं, पुन्हा मेढी, पुन्हा माती. मधल्या दिवसांत मेलेलं भात कापून काढायचं. गुरंसुद्धा ते खात नव्हती. सगळं उरकलं तेव्हा साडेतीन आठवडे झाले होते.

ती कॉलेजात गेली तेव्हा गैरहजर मुलांची यादी फळ्यावर लागली होती. तिचं नाव वरून तिसरं.

तिची मैत्रीण आबिदा भिवंडीतल्याच कोकणी मुसलमान घरातली. तिच्या चुलत्याचे, नूर मोहम्मदचे, माग होते. प्रयोगशाळेत दोघींचं टेबल एक. आबिदाने तिचे पाय बघितले आणि आपला जर्नल तिच्यापुढे सरकवला.

"पाच प्रॅक्टिकलं गेली तुजी. उतरून घे. बाई कुटं बघतात?"

तुळजाने उतरून घेतली. मार्चमध्ये जर्नलवर सही घ्यायला दोघी करंदीकर बाईंच्या समोर उभ्या राहिल्या. शुभदा करंदीकर बाई रसायनशास्त्र शिकवत. कडक, पण आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी दोन्ही जर्नल शेजारी शेजारी ठेवले. ब्युरेटच्या आकड्यांवरून पेन्सिल फिरवली.

"बारा पूर्णांक चार. बारा पूर्णांक चार. बारा पूर्णांक पाच. पाचही प्रयोगांत?" त्यांनी वर बघितलं. "हे आकडे तुझे नाहीत."

तुळजाच्या मागे सही घ्यायला आलेली वीस मुलं होती. तिला सांगायचं होतं. बांध, भांगाचं पाणी, घरटी एक माणूस, सगळं तिच्या तोंडात आलं होतं. पण ते ज्या भाषेत आलं होतं, ती भाषा त्या खोलीत कोणी बोलत नव्हतं. तोंड उघडलं तर 'न्हाय' निघेल, मागची मुलं हसतील. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, नखांत सकाळच्या शेतकामाची राखाडी माती होती म्हणून.

"कुठे होतीस साडेतीन आठवडे?"

"घरी काम होतं."

"घरी काम," बाई म्हणाल्या. त्यांनी आबिदाला समज दिली आणि तिच्या जर्नलवर सही केली. तुळजाचा मिटून परत दिला. "न केलेल्या प्रयोगावर मी सही करू शकत नाही. नियम माझ्या हातात नाही, मुली."

प्रॅक्टिकल परीक्षेला तिला बसू दिलं नाही. वर्ष गेलं.

दुसऱ्या जूनला ती पुन्हा पहिल्याच वर्षात बसली. आबिदा पुढे गेली होती. खालच्या शेतात त्या पावसाळ्यात रामनाथने भात लावून पाहिलं. हाताएवढं होऊन पिवळं पडलं. तेव्हा तुळजाने एक गोष्ट केली. औषधाच्या बाटलीत शेतातली माती भरून प्रयोगशाळेत नेली आणि सगळी मुलं गेल्यावर करंदीकर बाईंच्या टेबलावर ठेवली. ह्या वेळी तिने वाक्य आधीच एस.टी.त बसून पाठ केलं होतं.

"बाई, आमच्या शेतात खाडीचं पाणी शिरलं आहे. ह्यात मीठ किती आहे ते मला काढायचं आहे."

बाईंनी बाटलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मागच्या वर्षी?"

"हो."

बाईंनी स्वतः उठून काचेचं भांडं पुसलं. माती पाण्यात ढवळली, गाळली. वरच्या नितळ पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले, तसं ते दह्यासारखं पांढरं झालं. तुळजाने ब्युरेट धरली. आकडे तिने स्वतः वाचले, स्वतः लिहिले. बाईंनी हिशेब तपासला आणि पहिल्यांदाच तिच्या वहीवर 'छान' असं लिहिलं.

"पण हे धुऊन निघायला तीन पावसाळे तरी लागतील," त्या म्हणाल्या. "तेही नवीन पाणी शिरलं नाही तर."

तुळजा त्या दिवशी जवळजवळ पळतच घरी आली. वही बापापुढे उघडून धरली. रामनाथने आकडे बघितले, ऐकून घेतलं.

"तीन पावसाले. बराबर हाय," तो म्हणाला.

"तुमाला कसं ठाव?"

"चव घेतली का कलतं. मागच्या येलंला फुटला व्हता तवा माज्या बापानं बी तीनच सांगितले व्हते." आणि मग, तिचा चेहरा बघून त्याने वहीच्या पानावर बोट ठेवलं. "पर ह्ये बेस हाय. ह्ये लिवलेलं हाय."

ती त्या वर्षी पास झाली. पण दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल आठवड्यातून चार दिवस, दुपारचे, आणि दुपारी आता तिला मोकळीक नव्हती. शेत पिकत नव्हतं. रामनाथचा गुडघा मजुरीला चालत नव्हता. आबिदाच्या सांगण्यावरून नूर मोहम्मदने तिला आपल्या कारखान्यात कांड्या भरायला ठेवलं. पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस लूम. पोटातली आतडी हलतील असा खडखडाट. एका कोपऱ्यात कांडी मशीन. बॉबिनवरचं सूत कांडीवर भरायचं, तुटलं की जोडायचं. धागा पळता पळता बोटाच्या पेराला कापत जायचा. संध्याकाळी केसांत, भुवयांत, नाकात कापसाची तूस भरलेली असायची.

दोन महिने तिने दोन्ही धरून बघितलं. मग एक दिवस करंदीकर बाईंनीच तिला बोलावलं. "तुळजा, तू उभ्या उभ्या झोपतेस. ॲसिड आहे समोर." मग म्हणाल्या, "आर्ट्सला सकाळचे वर्ग असतात. प्रॅक्टिकल नसतात."

"मला केमिस्ट्री येतं, बाई."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीकडे बघितलं. पांढरा डगला तुळजाने घडी करून पिशवीत घातला.

त्याच डिसेंबरात आबिदाचं लग्न झालं. मध्ये एकदा नापास झाल्यामुळे तिचंही दुसरंच वर्ष चालू होतं, ते अर्ध्यावर राहिलं. नवरा कुवेतला, सासर महाडकडे. निघायच्या आधी ती कारखान्यात आली. हातावरची मेंदी अजून ओली, म्हणून दोन्ही तळवे वर धरून उभी राहिली. मागांच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"पुस्तकं समदी चाचाकडं ठेवलीत. तुला."

"मी आता आर्ट्सला हाय, आबिदा."

आबिदा म्हणाली, "कुटलं बी असू दे. तू शेवटपर्यंत जा. आनि मना पत्रात कलव, तिसऱ्या वर्षात काय असतं ते."

पुढची वर्षं वाकडीतिकडी गेली. पहाटे पाचला उठायचं, भाकऱ्या टाकायच्या, सातच्या वर्गाला पोचायचं. साडेअकरापर्यंत इतिहास, मराठी, अर्थशास्त्र. बारा ते आठ कांड्या. एका वर्षी इंग्रजीत गेली. पुढच्या वर्षी इंग्रजी सुटलं, पण ठमाबाईला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. फॉर्मच्या खिडकीतला क्लार्क तिला ओळखायला लागला होता. "आलात का? ह्या वर्षी कुठल्या वर्षाला?" तो हसून विचारायचा. तिच्या बरोबरीच्या मुलींना दोन-दोन पोरं झाली. मानकोलीचं एक स्थळ आलं, मुलगा बरा होता. त्यांनी विचारलं, शिक्षण कुठपर्यंत? रामनाथने सांगितलं, चाललंय अजून. त्यांचा म्हातारा म्हणाला, "सा वर्सं झाली, अजून चाललंय? मंग पोरीत कायतरी कमी असंल." आत चहा गाळणाऱ्या तुळजाला ते ऐकू गेलं. तिने चहा नेऊन दिला.

नूर मोहम्मदचा तेवढा आधार होता. परीक्षेच्या दिवसांत तो तिला मशीनवर पुस्तक उघडं ठेवू द्यायचा. "पढ़ो बेटी, लेकिन धागे पर भी नजर रखो," म्हणायचा. ती वाचायची. नजर एकदा ओळीवर, एकदा सुतावर. ह्या अशा वाचण्याने तिच्यात काहीतरी बदललं, ते तिचं तिलाही उशिरा कळलं. वर्गात ती उभी राहून प्रश्न विचारायला लागली. 'न्हाय' तोंडातून निसटलं तरी ती आता थांबायची नाही, वाक्य पुरं करायची. १९९० साली गावाने बांध पक्का करून मागायचं ठरवलं, तेव्हा अर्ज तिनेच लिहिला. चार पानं. कुठल्या साली कुठे खांड पडली, किती एकर जमीन, मातीत मीठ किती. तात्यांबरोबर ती ठाण्याच्या कचेरीत गेली. साहेबांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"कोणी लिहिला?"

"मी."

"उत्तम लिहिलाय. असे अर्ज येत नाहीत आमच्याकडे." त्यांनी तो पुन्हा घडीवर दुमडला. "पण तुमचा बांध आमच्या यादीत नाही हो. खाजगी आहे. यादीत नसलेल्या बांधाला मी काय करणार?"

"यादीत घालायला काय करावं लागेल?"

"वरून यावं लागेल."

"वरून म्हणजे कुठून?"

साहेब हसले, वाईट हसू नव्हतं ते. "तेच तर," म्हणाले. त्यांनी दोघांना चहा पाजला. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "पोरी, तू बोललीस झकास."

तरी त्या सुमारास खालचं शेत सुधारलं होतं. तीन म्हणता म्हणता पाच पावसाळ्यांनी मीठ धुऊन गेलं आणि एक्याण्णवच्या दिवाळीला सहा वर्षांनी घरात कणगी भरली. ठमाबाईने नव्या तांदळाची पेज करून कारखान्यात डब्यातून पाठवली. तुळजा तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. सव्वीस वर्षांची. एकदा रामनाथ म्हणाला, "पुढच्या दिवालीला तू बी मोकली नि जमीन बी मोकली."

ब्याण्णवच्या गुढीपाडव्याच्या उधाणाला बांध फुटला. जागा तीच.

ह्या वेळी शेतात पीक नव्हतं, पण पावसाच्या आधी खांड बुजली नाही तर जमीन पुन्हा गेलीच. तात्या आता थकले होते. तरी त्यांनी बोटांवर तिथी मोजली. अष्टमीचा एकच दिवस धरायचा, जास्त दिवस माणसं येनार न्हाईत, एका ओहटीत खांड बांधायची. घरटी एक माणूस.

अष्टमी शुक्रवारी. रामनवमीच्या आदल्या दिवशी. तुळजाला परीक्षेचं वेळापत्रक काढून बघायची गरज नव्हती, तरी तिने काढून बघितलं. शुक्रवार, अकरा ते दोन, अर्थशास्त्र.

शुक्रवारी सकाळी ती अंगण झाडत होती. रामनाथ पडवीत बसून गुडघ्याला फडकं बांधत होता. घट्ट, फेऱ्यावर फेरे.

"तुमी कुटं चाललाव?"

"बांधावर."

"बाबा, तुमचा पाय हाय का त्यो? मी जातंय. पेपर पुढच्या वर्षी देईन. मना काय सवय न्हाय का?"

"सात वर्सं झाली न्हाय का तुला, ह्या जूनला?" तो फडक्याची गाठ मारत म्हणाला. "आनि एक वरीस म्हंजे आठ. मग परत काय तरी निघंल. तू जा."

"पेपर पुढच्या वर्षी परत येतो. ह्यो भांग गेला तर खांड दुप्पट व्हईल."

"म्हनून तर मी जातो." त्याने भिंतीला धरून स्वतःला उभं केलं. "घरटी एक मानूस सांगितलंय. कनचं मानूस, ते सांगितलं न्हाय."

ठमाबाई दारात उभी होती. धाप लागल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. तिने तुळजाच्या हातातून केरसुणी काढून घेतली.

पेपर सोपा होता. तुळजाला पहिल्या पाच मिनिटांत कळलं की ती पास होणार. खिडकीबाहेर ऊन चढत होतं. साडेअकराला ओहटी पुरी असेल, मेढी ठोकून झाल्या असतील, रांग लागली असेल, असं तिचं मन मोजत होतं आणि हात लिहीत होता. एक वाजता पाणी परत चढायला लागेल. दीडला मेढीच्या बुडाशी. तिने पुरवणी मागितली. दोनला घंटा झाली तेव्हा तिचा अंगठा वळला होता.

साडेतीनला ती फाट्यावर उतरली. बांधाकडून माणसं परत येत होती. कोणी बोलत नव्हतं. सगळी मानेपर्यंत चिखलाने माखलेली. खांड बांधून झालेली रांग अशी येत नाही, हे तिला लांबूनच कळलं. सीताबाई आत्या तिला बघून रस्त्यातच थांबली.

"घरी जा. जीत्ता हाय."

रामनाथ ओट्यावर आडवा होता. शेवटच्या तासात, अर्धी खांड बुजलेली असताना पाणी उलटलं होतं. मेढीची एक ओळ कलंडली आणि खांडीच्या तोंडाशी उभा असलेला रामनाथ तिच्याखाली गेला. गुडघा वाकत नसल्यामुळे त्याला उठता येईना. चार जणांनी रांग सोडून त्याला ओढून काढला, तेवढ्यात टाकलेली माती खाडीने नेली. त्याच्या छातीवर लाकडाचा जाड वळ उठला होता. चांगला पाय घोट्यात सुजून फुगला होता. ठमाबाई कोमट पाण्याने त्याच्या कानातला चिखल काढत होती.

तात्या ओट्याच्या कडेला बसले होते, धोतर चिखलाने कडक झालेलं. तुळजाला बघून ते म्हणाले, "घरटी एक मानूस सांगितला व्हता, तुळजे. अर्धा न्हाय."

सहा वर्षांपूर्वी तिने हात पाठीमागे घेतले असते.

"तात्या," ती म्हणाली, "अर्धा माणूस होता हे तुम्हाला ठाऊक होतं. मग त्याला तोंडाशी का उभं केलंत?"

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. हातावरचा सुकलेला चिखल ते नखाने खरवडत राहिले.

"तोंडाशी उभं ऱ्हायला दुसरं कोन व्हतं ते सांग," ते म्हणाले. "एकेचालीस घरं. एकेचालीस मानसं आली. एक बी चुकलं न्हाय. पर कनची? माजं वय काय? सीताबाईचं काय? सगल्यांची पोरं भिवंडीला. कोन लूमवर, कोन गोडावनात. ड्युटी सोडली तर दुसऱ्याला घेतात. कुनाला मी जबरी करनार?" त्यांचा आवाज बसला. "त्यात तुजाच बाप जवान व्हता, पोरी. पन्नाशीतला."

तात्या उठले, ओट्याच्या खांबाला धरून थोडे थांबले आणि गेले.

त्या पावसाळ्याआधी खांड बांधता आली नाही. पुढच्या भांगाला वीसच माणसं आली आणि त्याच्या पुढच्या भांगाला तात्यांनी कोणाला बोलावलंच नाही. जूनमध्ये निकाल लागला, तुळजा सेकंड क्लासात पास झाली. आबिदाला तिने पत्र घातलं. पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी संध्याकाळी, खाडी पुन्हा शेतात पसरत होती तेव्हा ती बापाच्या उशाशी बसली होती. हळद-चुन्याचा लेप सुकत आला होता. रामनाथने डोळे उघडले.

"पेपर कसा ग्येला?"

"चांगला."

"काय इचारलं व्हतं?"

"काय पन. तुमी पडून ऱ्हा."

"न्हाय, सांग. मना ऐकू दे. सगला वाच."

तिने पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली. मोठ्याने वाचायला लागली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या संकल्पना, बँकांची कामं. रामनाथ छताकडे बघत ऐकत होता. कळत नसलेल्या शब्दालाही तो मान हलवत होता. चौथ्या प्रश्नाशी ती अडखळली.

"वाच की."

"भारतातील लहान शेतकऱ्यापुढील समस्या स्पष्ट करा. गुण वीस."

"वीस?" रामनाथ म्हणाला. त्याला हसू आलं आणि छाती दुखली म्हणून ते त्याने आवरलं. "मग? काय लिवलंस?"

"जमिनीचे तुकडे पडतात. भांडवल नसतं. पावसावर सगळं अवलंबून असतं. अवजारं जुनी असतात. बाजार लांब असतो."

रामनाथने एकेक बोट मिटलं. पाचही बोटं मिटली. "ह्ये खरंच हाय," तो म्हणाला. "नि खारं पानी?"

तुळजाने प्रश्नपत्रिका मांडीवर ठेवली.

"बांध न्हाय लिवलास?"

"लिवला व्हता," ती म्हणाली. "चार ओली. मग खोडल्या."

"का?"

"पुस्तकात न्हाय तो. तपासनाऱ्याला दिलेल्या कागदावर नसतंय. त्याचे गुन न्हाय मिलत. वेल बी संपत आली व्हती."

ठमाबाईने चिखलाचं पाणी ओट्यावरून खाली ओतलं आणि भांडं उपडं केलं. रामनाथने मिटलेला हात छातीवर ठेवला. तुळजाला वाटलं, त्याचा डोळा लागला.

"खोडलेल्या ओली दिसतात का?" त्याने विचारलं.

"दिसतात. एकच रेघ मारली मी."

"मग वाचील तो," रामनाथ म्हणाला. "दिसतंय म्हंजे वाचील."

खोडलेलं कोणी वाचत नाही, हे तुळजाने त्याला सांगितलं नाही. तिने प्रश्नपत्रिका उलटली आणि पाचवा प्रश्न वाचायला घेतला.